शंकरपट परत आला, मग ‘पहिल्यासारखा पट राहिला नाही’ असं का म्हणतात?

जानेवारी उजाडला की रील्समध्ये बैल धावायला लागतात. सुसाट जोडी, मागे धुळीचा लोट, वर डीजेचं गाणं आणि खाली ‘नादच खुळा’च्या कमेंट्स. पण त्याच कमेंट्समध्ये एखादे काका हमखास लिहून जातात, “पहिल्यासारखा पट राहिला नाही.”

आता तुम्ही म्हणाल, जुन्या माणसांना जुनं सगळंच भारी वाटतं. थोडं खरं आहे. पण या बाबतीत काकांचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे.

आधी नावाचं बघू. पुणे जिल्ह्यात बैलगाडा म्हणतात. तिथे घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर गाडा पळतो आणि पुढे घोडीही असते. विदर्भात आणि आपल्या परभणी-हिंगोलीकडे हाच खेळ शंकरपट किंवा नुसता ‘पट’. सपाट रान, हलकी छकडी, दोन बैल आणि हाकणारा एक गडी. कुठे दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात, कुठे एकेक जोडी घड्याळाशी पळते आणि सेकंदाच्या पॉइंटवर निकाल लागतो. झाडीपट्टीत तर पट आणि रात्रीचं नाटक असं जोडूनच असायचं. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरला महिलांचाही पट भरतो, बाया स्वतः जोडी हाकतात.

बैल घरचाच होता

सोनपेठ, गंगाखेड, पालम हा काळ्या रानाचा पट्टा. इथला बैल म्हणजे लाल कंधारी. रंग गडद तांबडा, बांधा मध्यम, उन्हाला चिवट. मूळ नांदेड जिल्ह्यातल्या कंधारचा, पण परभणी-लातूरपर्यंत पसरलेला. हा बैल पळण्यासाठी पाळलेला नव्हताच. जूनमध्ये तिफणीला, मग कोळप्याला, दिवाळीनंतर कापसाच्या गाडीला आणि खरिपाचा माल घरात आला की संक्रांतीच्या आगेमागे पटाला. पटासाठी वेगळा खर्च म्हणजे चार दिवस जास्तीची सरकी पेंड.

त्यामुळे पटात कोण पळतंय हे गावाला माहीत असायचं. कुणाच्या आखाड्यावरची जोडी, कुणी राखलेली, कोणता बैल बुजरा, सगळं. सालगड्याने वर्षभर राखलेली जोडी पाटलाच्या जोडीपुढे जाऊ शकायची. पुढचे आठ दिवस पारावर दुसरा विषय नसायचा.

अगदी हीच गोष्ट अमेरिकेत मोटारींच्या बाबतीत घडली. तिथल्या ‘स्टॉक कार’ शर्यतीतला ‘स्टॉक’ म्हणजे दुकानात मिळते तशी साधी गाडी. नॅसकार ही संघटना १९४८ मध्ये सुरू झाली तेव्हा लोक खरोखर रस्त्यावरच्या गाड्या पळवायचे, तेही गावाजवळच्या छोट्या ट्रॅकवर. आज तिथल्या मुख्य शर्यतीतली गाडी फक्त शर्यतीसाठीच बनते, आणि तिथले म्हातारेही ‘पहिल्यासारखं राहिलं नाही’ म्हणतात.

बंदीने संपला का?

बहुतेकांचं उत्तर ‘हो’ असतं. कायद्याचा घटनाक्रम असा: जुलै २०११ मध्ये केंद्राने बैलाचा समावेश खेळासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडी शर्यती दोन्ही बंद केल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला, पण मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या रोखल्या. मधल्या काळात चोरून शर्यती झाल्या, गुन्हेही दाखल झाले. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

योगायोग बघा, नॉर्थ कॅरोलायनातल्या नॉर्थ विल्क्सबरो या जुन्या छोट्या ट्रॅकवर १९९६ नंतर नॅसकारची मुख्य शर्यत झाली नव्हती. ती परत आली २१ मे २०२३ ला, आपल्या निकालानंतर तिसऱ्याच दिवशी.

पण बंदी उठली तरी गोठा भरला नाही. देशात नर गोवंश २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ६.७९ कोटी होता, २०१९ मध्ये ४.७४ कोटी. सात वर्षांत ३० टक्के घट! हे काम कोर्टाने केलेलं नाही, ट्रॅक्टरने केलं. पेरणी तासाच्या भाड्यावर होते, मग वर्षभर कडबा कशाला घालायचा? चूक शेतकऱ्याची नाही, हिशोबच तसा आहे.

म्हणून आज पटात पळतो तो बहुतेकदा खास पटाचाच बैल. त्याची खरेदी लाखांत, खुराक वेगळा, नेण्या-आणण्याला टेम्पो. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या शर्यतीच्या बक्षिसांत जेसीबी होता आणि ट्रॅक्टरसुद्धा. बैलाने पळून ट्रॅक्टर जिंकायचा, यावर वेगळं काय बोलणार?

आठवणीत न येणारा भाग

जुना पट गोड होता, पण बैलासाठी नेहमीच नाही. पराणीच्या टोकाला खिळ्याची आर, शेपटी पिरगाळणं, चावणं हे प्रकार सर्रास चालायचे. २०१४ च्या निकालात कोर्टाने स्पष्ट म्हटलं होतं की बैलाचं शरीर शर्यतीसाठी घडलेलं नाही. ‘आम्ही बैलाला लेकरासारखं जपतो’ हे पोळ्याच्या दिवशी खरंच असतं, पण निशाणापाशी तोच हात आर टोचायचा. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत.

आता नियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते, धाव १००० मीटरपेक्षा जास्त नको, आणि काठी, चाबूक, टोचणी, विजेचा शॉक यातलं काहीही चालत नाही. शर्यतीचं चित्रीकरणही करावं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी रील थांबवून हाकणाऱ्याच्या हाताकडे बघा. हात रिकामा नसेल तर तो व्हिडिओ लाईक करायचा नाही, तक्रारीला जोडायचा.