सायकलीचा विद्युत् घट : एका तापट धातूचा इतिहास



विजेवर चालणारी सायकल आता आपल्या मोहल्ल्यांत नवलाची राहिलेली नाही. तिच्या दांडीला अडकविलेला डबा रात्री घरात आणून प्लगला लावावयाचा व सकाळी पुन्हा सायकलीला बसवावयाचा, हे काम पुष्कळ घरी मुलांकडेच असते. त्या डब्यात जे आहे ते घडवावयास माणसाला किती काळ लागला, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

विजेची सायकल ही कल्पना मुळीच नवी नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यातील कँटन गावच्या ऑग्डेन बोल्टन याने मागच्या चाकाच्या मधोमध मोटार बसविलेल्या सायकलीचे पेटंट १८९५ साली मिळविले. मोटार होती, चाक होते. अडचण होती ती विजेच्या साठ्याची. फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते याने १८५९ मध्ये शोधलेली शिशाची बॅटरी भरवशाची खरी, पण भारी जड. तिच्या एका किलोत जेमतेम ३० ते ४० वॉट-तास वीज मावते. म्हणजे तासाभराच्या प्रवासासाठी दहा किलोचे ओझे वाहणे आले. जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली पायडलला मोटारीची मदत देणारी सायकल विक्रीस आणली, तिच्यातही शिशाचीच बॅटरी होती. शंभर वर्षे ही सायकल अडून राहिली ती केवळ वजनापायी.

आता लिथियमकडे वळू. स्वीडनमध्ये बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत योहान ऑगस्ट आर्फ्वेडसन याला १८१७ साली हे मूलद्रव्य एका खनिजात सापडले. दगडात सापडले म्हणून दगड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. नाव दगडाचे, पण सर्व धातूंत हाच हलका. पाण्याच्या निम्म्या वजनाचा. आपला इलेक्ट्रॉन तो फार सहज देऊन टाकतो, म्हणून त्याच्यापासून केलेल्या घटाचा दाब जास्त मिळतो. परंतु त्याच कारणाने तो हवा व पाणी यांच्याशी तत्काळ भिडतो आणि त्याला तेलाखाली ठेवावे लागते. गुण आणि अवगुण एकच आहेत, हे ध्यानात ठेवावे. पुढचा सारा इतिहास त्यात आहे.

१९७० नंतरच्या दशकात तेलाचे भाव भडकले. त्या काळात एक्सॉन या तेल कंपनीतच स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी लिथियमचा पुन्हा भरता येणारा घट बनविला. त्यात ऋणाग्र शुद्ध लिथियमचे होते. घट वारंवार भरला की त्या धातूला केसासारखे तंतू फुटत, ते धनाग्रापर्यंत पोहोचत आणि आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागे. पुढे कंपनीने हे काम सोडले.

ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये धनाग्रासाठी कोबाल्ट ऑक्साइड वापरले आणि दाब दोन व्होल्टवरून चार व्होल्टपर्यंत नेला. लहानपणी या गृहस्थांना वाचताना अक्षरे लागत नसत, हे ज्यांच्या मुलाला वाचन जड जाते अशा पालकांसाठी मुद्दाम नोंदवितो. त्याच सुमारास मोरोक्कोतील फेझ शहरात जन्मलेले रशीद यझामी फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे काम करीत होते. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटच्या थरांत लिथियम शिरू शकते व बाहेरही येऊ शकते, हे त्यांनी दाखविले. मग शुद्ध धातूची गरजच उरत नव्हती. मात्र तेव्हाच्या द्रवात ग्रॅफाइट टिकेना. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये खनिज तेलापासून मिळणारा कोक ऋणाग्रासाठी घेतला आणि घट पुरा केला.

योशिनोंना चौथीत असताना बाईंनी फॅरडेचे मेणबत्तीच्या रसायनावरील पुस्तक वाचावयास सुचविले होते. आपल्या घटाची परीक्षा त्यांनी लोखंडाचा जड तुकडा त्यावर आदळून घेतली. शुद्ध लिथियमच्या घटाचा भडका उडाला. नव्या घटाला काही झाले नाही. सोनीने १९९१ साली असे घट बाजारात आणले. व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल मिळाले. यझामी त्यात नव्हते. माझ्या मते ते असावयास हवे होते. पण नोबेल तिघांहून अधिकांस देत नाहीत.

तुमच्या डब्यात बहुधा १८ मिलिमीटर जाडीचे व ६५ मिलिमीटर लांबीचे सेल असतात. एकाचा दाब सुमारे ३.६ व्होल्ट. दहा सेल एकापुढे एक जोडले की ३६ व्होल्ट होतात, आणि अशा चार रांगा म्हणजे चाळीस सेल. सेलांचे वजन दोन किलोच्या आत आणि वीज शिशाच्या दहा किलोंइतकी!

परंतु लिथियमचा स्वभाव गेलेला नाही, तो केवळ आवरला आहे. आतला द्रव ज्वालाग्राही असतो आणि दोन अग्रांमध्ये असतो एक पातळ पडदा. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाऊ नये म्हणून डब्यात एक नियंत्रक पट्टी असते. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून, ही पट्टी गाळून स्वस्तात बांधलेला डबा म्हणजे योशिनोंच्या पूर्वीच्या काळात परत जाणे होय. न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात अशा बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसे दगावली. तेथे त्याच वर्षी तपासणीचा शिक्का नसलेल्या सायकली विकण्यास बंदी झाली. डबा दाराशी किंवा जिन्याखाली चार्ज करू नये, कारण तो पेटला तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

गुडइनफ यांच्याच गटातील अक्षय पाधी यांनी पुढे लोह-फॉस्फेटचे धनाग्र पुढे आणले. त्याचा निबंध १९९७ चा. हा घट थोडा जड, पण तापला तरी सहसा भडकत नाही. मात्र त्याचा ४८ व्होल्टचा डबा पुष्कळदा सोळा सेलांचा असतो आणि त्याचा चार्जर ५८.४ व्होल्टचा. नेहमीच्या ४८ व्होल्टच्या डब्यात तेराच सेल असतात आणि त्याला ५४.६ व्होल्ट लागतात. दोन्ही डब्यांवर आकडा ४८ च लिहिलेला असतो आणि पिनही पुष्कळदा तीच बसते. शेजाऱ्याचा चार्जर मागून आणण्यापूर्वी चार्जरच्या पाठीवरचा बारीक आकडा वाचावा.