माघातला शिरस

२०२० च्या जुलैत भोश्याचा वड पेपरात आला. आमच्या मंगळवेढा तालुक्यातही एक भोसे आहे, पण हे भोसे मिरज तालुक्यातलं, रत्नागिरी-नागपूर महामार्गावरचं. देवळाजवळचा तो वड चारशे वर्षांचा म्हणतात. तो रस्त्यात जाणार होता. लोक झाडासाठी उभे राहिले, तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी नितीन गडकरींना पत्र लिहिलं आणि वड वाचला. वाचून आनंद झाला, पण त्याहून जास्त लाज वाटली. कारण तोच महामार्ग आमच्या शिवाराला लागून गेला, तेव्हा झाडांच्या पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही होती.

झाड बघायचं कसं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. कडब्याची पेंढी बघायला मिळत नव्हती. माणसं खडी फोडायला जात आणि जनावरांना वड, पिंपरणी, उंबर यांचा पाला. आमचे अण्णा झाडावर चढायच्या आधी बुंध्याभोवती एक फेरी मारायचे. कुऱ्हाडीच्या तुंब्यानं खोडावर ठोकायचे. टणटण वाजलं तर भरीव, ढबढब वाजलं तर पोकळ. जिथं आवाज बदलला तिथं हात ठेवून मग वरची फांदी बघायची. सालीतून भुसा गळतो का, डिंक आलाय का, बांडगूळ किती बसलंय. वाळलेल्या फांदीवर कधी पाय देऊ दिला नाही. आणि पाला काढताना शेंडा राखायचा. "झाडाला खायला तोंड ठेव," म्हणायचे. त्या साली आमच्या बांधावरचं एकही झाड मेलं नाही. जनावरं मात्र दोन गेली.

मी दहावीच्या पहिल्या बॅचचा, १९७५ चा. पुढं शिकलो नाही, पण गावात कागद वाचणारा म्हणून पंच व्हायला मलाच बोलावणं यायचं.

मोजणीवाले आले ते माघात. रस्त्याकडेला ओळीनं झाडं होती. ती कुणी लावली ते अण्णांनाही सांगता येत नव्हतं, त्यांच्या लहानपणीही ती मोठीच होती. एक पोरगा टेप धरून घेर मोजत होता, दुसरा तक्ता भरत होता. झाडाचं नाव, घेर, स्थिती. पिंपरणीला त्यानं पिंपळ लिहिलं. मी म्हणालो, पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते, हिला नाही. तो हसला, "काका, दोन्ही तोडायचीच आहेत." पुढं शिरस आला. पानाचा ठिपका नाही, नुसत्या पिवळ्या वाळल्या शेंगा खुळखुळत होत्या. त्यानं विचारलं नाही, 'वठलेले' लिहून मोकळा झाला. ऊन तापलं होतं, मला पाण्याची पाळी गाठायची होती. मी सही केली.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. त्यांचं वय तेव्हा नव्वदीच्या घरात. दिसत कमी होतं, ऐकू चांगलं येत होतं. म्हणाले, "आरं, माघात शिरस उघडाच असतो. नखानं साल उकरून बघितलीस का?" बघितली नव्हती. बॅटरी घेऊन गेलो, बोटाएवढ्या डहाळीची साल नखानं काढली. आत हिरवीगार, ओलसर. झाडाचा जीव सालीखालच्या त्या पातळ थरात असतो, हे मला शाळेतही शिकवलं होतं आणि घरातही. दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो, तर यादी वर गेली होती.

चैत्रात शिरसाला पालवी आली. मग फुलं आली, रात्री वाऱ्यावर वास घरापर्यंत यायचा. अण्णा काही बोलायचे नाहीत. ज्येष्ठात पानांसकट कापला.

कापल्यावर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बघा की, आतनं काळं पडलंय. सडलेलंच होतं." मी खुरप्याचं टोक मारून बघितलं, रुतलं नाही. शिरसाचा गाभा मुळातच काळपट तपकिरी असतो, कडेचं लाकूड तेवढं पांढरट. सडकं लाकूड बोटानं दाबलं तर भुसभुशीत लागतं, कुबट वास मारतो. रंगावरून ठरवणारे फसतात.

उलट आमच्या बांधावरची चिंच. आतून ढोली, माणूस उभा राहील एवढी, तरी दर साल चिंचा द्यायची. एका निवृत्त कृषी शिक्षकांनी मला सांगितलं की ढोली दिसली म्हणून झाड धोक्याचं ठरत नाही, भोवतीची भिंत किती जाड उरली ते बघायचं. खोडाच्या निम्म्या जाडीचा एक तृतीयांश भाग शाबूत असला तर पोकळ झाडही बहुधा तग धरतं, असा परदेशातल्या अभ्यासकांनी ठोकताळा काढलाय. आमच्या चिंचेची भिंत तेवढी होती. पण अण्णांनी बुंध्याच्या पश्चिमेला हात फिरवला, तर मुळाशी कानाच्या पाळीसारखी कडक बुरशी हाताला लागली. म्हणाले, "वर काय बघतोस, पाय कुजलाय. हिकडं जनावर बांधू नको." मी दावणीचे खुंटे उपटून पूर्वेला रोवले. तिसऱ्या वर्षी वळवाच्या वादळात चिंच पश्चिमेलाच पडली. वरची पानं हिरवी, मुळं काडीसारखी मोडलेली. तोवर अण्णा गेले होते.

भोश्याचा वडही २०२२ च्या पावसाळ्यात पडला. त्याच्या पायाशी काय झालं होतं, ते मी बघितलेलं नाही, म्हणून त्यावर बोलत नाही. दोन वर्षं जास्त सावली मिळाली, तीही कमी नाही.

पंचनाम्याची झेरॉक्स माझ्याकडं अजून आहे. पिंपळ एक. शिरस एक, वठलेले. खाली माझी सही, चांगली वळणदार.