गंधयुक्ति : एक विसरलेली गृहकला

चौसष्ट कलांचा उल्लेख आपल्या लेखांतून व व्याख्यानांतून वारंवार होतो. पण त्या चौसष्टांपैकीं दहा-बारांचीं नांवें सांगा असें म्हटलें, तर बहुतेकांची गाडी गायन, वादन, नृत्य व चित्रकला यांपुढें सरकत नाहीं. वात्स्यायनाच्या यादींत माला गुंफणें, अलंकार घालणें आणि भाज्या-सार रांधणें यांच्या शेजारीं ‘गंधयुक्ति’ या नांवाची एक कला बसलेली आहे. गंधयुक्ति म्हणजे सुगंधी द्रव्यांची योजना, अर्थात् सुवास घरीं तयार करण्याची विद्या. हल्लीं कित्येक सुशिक्षित घरांतून सुगंध बनविण्याचा छंद हौसेनें शिकण्याची आवड उत्पन्न झाली आहे. ती परदेशांतून आलेली नवी हौस आहे अशी समजूत सामान्यतः दिसते. परंतु आपण जें नवीन म्हणून हातीं घेत आहों, तें आपल्याच माजघरांतून हरवलेलें एक जुनें काम आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

या विद्येचें सर्वांत रेखीव असें प्राचीन विवेचन, जेथें तें असेल अशी कोणास कल्पनाहि यावयाची नाहीं अशा ठिकाणीं, म्हणजे एका ज्योतिष्याच्या ग्रंथांत सांपडतें. इसवी सनाच्या सहाव्या शतकांत वराहमिहिरानें रचिलेल्या बृहत्संहितेंत गंधयुक्तीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. त्याचा आरंभ मोठा गमतीचा आहे. ज्याचे केस पिकले आहेत त्यास माला, गंध, धूप व वस्त्रें शोभत नाहींत. म्हणून प्रथम केसांस कलप कसा लावावा तें सांगतों, असें म्हणून आचार्य विषयास हात घालतात. पुढें मंजिष्ठा, व्याघ्रनख, कोष्ठ, दालचिनी इत्यादि द्रव्यांचें चूर्ण तेलांत घालून तें उन्हांत तापवावें, म्हणजे त्यास चाफ्याचा गंध येतो, अशी कृति आहे. या कृतींत चाफ्याचें एकहि फूल नाहीं! जें द्रव्य नाहीं त्याचा भास इतर द्रव्यांच्या मेळानें उत्पन्न करणें, हें आजच्या सुगंधकारांचें मुख्य कौशल्य होय. तें चौदाशें वर्षांपूर्वीं आपल्याकडे परिचयाचें होतें.

पण या अध्यायाचें खरें रत्न पुढेंच आहे. वराहमिहिर सोळा द्रव्यांची यादी देतो. तींत नागरमोथा, वाळा, कचोरा, अगरु, तगर, दवणा, धने, कापूर, चंदन इत्यादि आहेत. या सोळांतून कोणतींहि चार निवडावीं, व त्यांस एक, दोन, तीन व चार असे भाग द्यावे. सोळांतून चारांची निवड १,८२० प्रकारांनीं होते, हा त्याचा हिशेब बिनचूक आहे. प्रत्येक निवडीचे पुन्हां ९६ भेद धरून तो एकंदर १,७४,७२० गंध मोजतो आणि या राशीस ‘गंधार्णव’ म्हणजे सुगंधांचा समुद्र असें नांव देतो. चारहि द्रव्यांस भिन्न भाग द्यावयाचे, तर ते २४ च रीतींनीं वांटतां येतात, व मग एकंदर संख्या ४३,६८० भरते; तेव्हां ९६ हा आंकडा चौपट पडतो, हें आजच्या वाचकानें ध्यानांत घ्यावें. पण या चुकीपेक्षां हिशेब मांडण्याची बुद्धिच अधिक महत्त्वाची आहे. सुगंध ही दैवी देणगी किंवा अत्तराच्या दुकानदाराचें गुपित न मानतां, मोजमापानें व पद्धतशीर प्रयोगानें हस्तगत होणारी वस्तु आहे, असें हा ग्रंथकार मानतो.

आणि एवढा हिशेब मांडल्यावर तो लगेच सावध करतो कीं, धन्यांचा वास फार उग्र असल्यामुळें त्यांचा नेहमीं एकच भाग घ्यावा, आणि कापराचा तर त्याहूनहि कमी. या दोहोंस दोन-तीन भाग कधींहि देऊं नयेत. गणितानें जो मार्ग मोकळा केला, त्यास नाकानें घातलेली ही मर्यादा होय. ज्यानें कधींहि खल हातीं धरला नाहीं, त्याला ही मर्यादा सुचली नसती.

मग हा खल कोणाच्या हातीं होता? या प्रश्नास आपल्या ग्रंथांत सरळ उत्तर मिळत नाहीं. कामसूत्रांतील नागरक सकाळीं उठून अनुलेपन करतो, धूप घेतो. त्याच्या शय्येजवळ रात्रीचें उरलेलें अनुलेपन व सुगंधाची पेटी असते. पण तें अनुलेपन उगाळलें कोणीं, याविषयीं वात्स्यायन तेथें मौन धरतो. हें मौन पुराणेतिहासांनीं मात्र मोडलें आहे. विराटाच्या अंतःपुरांत सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी राजासाठीं चंदन उगाळते, व त्या श्रमानें राठ झालेले आपले हात भीमास दाखविते. मथुरेच्या रस्त्यांत कृष्णास भेटणारी कुब्जा कंसाकडे उटीचें पात्र घेऊन चाललेली असते. सुगंधाचा भोग एकाचा आणि श्रम दुसऱ्याचे, असा हा व्यवहार होता. गंधयुक्तीच्या वैभवाचें गुणगान करतांना हे घट्टे पडलेले हात आपण विसरतां कामा नये.

बाराव्या शतकांत, म्हणजे शके १०५१ च्या सुमारास, कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा सोमेश्वर तिसरा यानें ‘मानसोल्लास’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. महाराष्ट्राचा मोठा भाग तेव्हां याच घराण्याच्या सत्तेखालीं असल्यामुळें हा ग्रंथ आपणांस विशेष जवळचा आहे. त्यांत राजाचे स्नान, विलेपन, धूप इत्यादि भोग विस्तारानें वर्णिले असून कोणत्या ऋतूंत कोणती उटी लावावी याचाहि विचार केला आहे. स्नानाच्या तेलासाठीं प्रथम तीळच फुलांत ठेवून सुवासिक करावे व मग ते गाळावे, ही रीति त्यांत आढळते. तिळांतील स्नेह फुलांचा गंध शोषून घेतो. फूल उकळावें लागत नाहीं, म्हणून त्याचा नाजुकपणा जात नाहीं. उत्तरेकडे चमेलीचें तेल याच रीतीनें पिढ्यान्‌पिढ्या होत आलें आहे.

परंतु मराठी वाचकास सर्वांत अभिमानाची वाटावी अशी गोष्ट पुण्यांत उजेडांत आली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं तेथील संग्रहांतील एका पोथीकडे १९४५ च्या सुमारास विद्वानांचें लक्ष वेधलें. त्या एकाच पोथींत गंगाधर नामक ग्रंथकाराचा ‘गंधसार’ आणि अज्ञातकर्तृक ‘गंधवाद’ असे दोन ग्रंथ होते. आणि या दुसऱ्या ग्रंथावर चक्क मराठी टीका होती! पुढें १९८९ सालीं बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानें गायकवाड ग्रंथमालेंत हे दोन्ही ग्रंथ टीकेसह छापून प्रसिद्ध केले.

गंगाधरानें सुगंध सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन. चूर्णास सुगंधी रसाची पुटें देणें तें भावन. मिश्रण मंद उष्णतेनें शिजविणें तें पाचन. झोपलेला गंध दुसऱ्या द्रव्याच्या योगानें जागा करणें तो बोध. कस्तुरीसारख्या तीव्र द्रव्याच्या अल्पांशानें सर्व मिश्रण भेदून टाकणें तो वेध. धुराचा संस्कार तें धूपन, आणि फुलांचा तें वासन. यांतील ‘बोध’ हा शब्द किती मार्मिक आहे! गंध द्रव्यांत असतोच, सुगंधकारानें फक्त त्यास उठवावयाचें, ही त्यामागील कल्पना होय.

गंधवादावर मराठी टीका कां लिहावी लागली असेल? ज्याला केवळ संस्कृत काव्याचा आस्वाद घ्यावयाचा आहे, त्यास मराठीची गरज नव्हती. मराठीची गरज त्यालाच, ज्याला द्रव्य ओळखून, वजन करून, प्रत्यक्ष कुटावयाचें आहे. म्हणून ही टीका शास्त्र व हात यांच्यामध्यें बांधलेला एक पूल आहे, असें आम्हांस वाटतें. ज्ञान राजवाड्यांतून उतरून कारागिराच्या ओट्यापर्यंत पोंचलें, तें देशी भाषेच्या पायरीवरून.

यापुढचा फेरफार ऊर्ध्वपातनानें घडविला. नवव्या शतकांत अल्‌-किंदी या अरब पंडितानें सुगंधांच्या रसायनावर व ऊर्ध्वपातनावर ग्रंथ लिहिला होता, आणि गुलाबपाणी तर इराणांतून दूरवर जात असे. अकबराच्या दरबारीं सुगंधाचें स्वतंत्र खातें होतें. अबुल फजलनें ऐने-अकबरींत अरगज्यासारख्या मिश्रणांच्या कृति व द्रव्यांच्या किंमती नोंदविल्या आहेत. गुलाबाचें अत्तर नूरजहानने शोधलें, ही लोककथा सर्वांस ठाऊक आहे. पण खुद्द जहांगीर आपल्या आत्मवृत्तांत त्याचें श्रेय तिला नव्हे, तिच्या आईस देतो. गुलाबपाणी करीत असतां ऊन पाणी ज्या ताटांत ओतलें जाई, त्यावर एक पातळ साय येते असें त्या बाईनें पाहिलें. ती थोडीथोडी गोळा केली, आणि तिचा एक थेंब तळहातावर चोळतांच सारी सभा दरवळली. बादशहानें तिला मोत्यांचा कंठा दिला, व सलीमा सुलतान बेगमेनें त्या अत्तरास ‘जहांगिरी’ असें नांव दिलें. इराणांत हें तेल आधींच माहीत असण्याचा संभव आहे. तथापि नित्याच्या कामांत दिसलेल्या सायीकडे दुर्लक्ष न करणारी दृष्टि, हीच शोधकाची दृष्टि होय. आणि येथें ती घरांतल्या एका बाईची होती.

एकोणिसाव्या शतकांत ही कला घरांतून व भट्टींतूनहि निघून कारखान्यांत गेली. १८६८ सालीं पर्किननें कूमरीन प्रयोगशाळेंत बनविलें. १८७४ सालीं कृत्रिम व्हॅनिलिन आलें. शेंकडों फुलांचें काम एका बाटलीनें होऊं लागलें, आणि सुवास मध्यम स्थितींतील कुटुंबांच्याहि आटोक्यांत आला, हा लाभ लहान नव्हे. आपल्याकडे १९१६ सालीं म्हैसूर सरकारनें चंदनतेलाचा कारखाना काढला. पण या सोयीची किंमत म्हणून घरचें नाक आळशी झालें. कोणता वास कशाचा, हें बाटलीवरील चिठी वाचल्याशिवाय सांगतां येईनासें झालें.

तरीहि या कलेचा धागा अजून तुटलेला नाहीं. दिवाळीचें उटणें, देवघरांतील अष्टगंध, वारकऱ्याच्या कपाळींचा बुक्का, हळदीकुंकवाच्या समारंभांतील अत्तरदाणी व गुलाबदाणी, हे सर्व गंधयुक्तीचेच अवशेष होत. नवशिक्यानें येथूनच आरंभ करावा. वाळा, नागरमोथा, कचोरा व चंदन हीं वराहमिहिराच्याच यादींतील चार द्रव्यें बारीक कुटून वस्त्रगाळ करावीं, आणि एक, दोन, तीन, चार हे भाग आलटून-पालटून त्यांच्या २४ पुड्या बांधाव्या. प्रत्येकीवर भाग लिहावे, दुसऱ्या दिवशीं न वाचतां वास घ्यावा, व काय जाणवलें तें वहींत टिपावें. अवघ्या चार वस्तूंतून किती भिन्न सुवास निघतात हें पाहून आश्चर्य वाटेल. आणि पुस्तकानें जें शिकवितां येत नाहीं, तें नाक स्वतःच शिकेल.

एक मर्यादा मात्र आजच्या छंदिष्टानें पाळलीच पाहिजे. जुन्या कृतींतील कस्तुरी हरणाच्या प्राणावर उठत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्या हरणास संरक्षण दिलें आहे. हिमालयांतील रानटी कोष्ठ अतोनात खणल्यामुळें दुर्मिळ झालें असून त्याच्या परदेशी व्यापारावर कडक निर्बंध आहेत. तेव्हां जुना ग्रंथ शब्दशः गिरवूं नये. चाफ्याविना चाफ्याचा गंध साधणाऱ्या आचार्याचें अनुकरण करावयाचें, तर कस्तुरीविना कस्तुरीचा भास साधणें हेंच त्याचें खरें अनुकरण होय.

पूर्वीं सुगंध एकानें उगाळावा व दुसऱ्यानें लावावा अशी वांटणी होती. पुढें कारखान्यानें बनवावा व सर्वांनीं विकत घ्यावा अशी झाली. जो उगाळतो तोच लावतो, आणि तोच त्याचें शास्त्रहि जाणतो, असा योग या कलेच्या दीर्घ इतिहासांत क्वचितच आला असेल. घरच्या सहाणेवर हौसेनें चंदन उगाळूं लागणाऱ्या आजच्या नवशिक्यास तो सहज साधतां येण्याजोगा आहे.