सामन्यांच्या दिवसांत काय वाचावे?



विश्वचषकाचे किंवा ऑलिंपिकचे दिवस आले, की आपल्या पूर्णेतही संध्याकाळचा क्रम पालटतो. स्थानकावर, चहाच्या हॉटेलात, घराघरांत एकच विषय चालतो. अशा वेळी ‘पुस्तके वाचा’ असे सांगणे म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपवासाचे माहात्म्य गाण्यासारखे वाटेल. परंतु खेळ पाहू नका, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. माझे म्हणणे इतकेच, की कोण जिंकले ते धावफलक सांगतो. मैदानापर्यंत पोहोचण्यासाठी कोणाला काय सोसावे लागले, ते मात्र तो सांगत नाही. त्यासाठी पुस्तकाकडेच जावे लागते.

‘खेळावरच्या कादंबऱ्या आपल्याकडे आहेत कोठे?’ असे कोणी विचारील. मैदान हाच मुख्य विषय असलेल्या कादंबऱ्या मराठीत थोड्याच आहेत, हे खरे. पण कादंबरीला जे जे लागते ते सर्व असलेले एक आत्मचरित्र मात्र आपल्यापाशी आहे. १९४८ साली मुंबईत प्रसिद्ध झालेले ‘माझे क्रीडा-जीवन’ हे ते पुस्तक. लेखक पी. विठ्ठल, म्हणजेच विठ्ठल पालवणकर.

हे नाव आज फारसे कोणाला आठवत नाही. विठ्ठल, शिवराम, गणपत आणि सर्वांत वडील बाळू असे हे चार भाऊ. चौघेही क्रिकेटपटू, आणि घराणे चांभाराचे. बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबावर खेळपट्टी लाटण्याचे व जाळी लावण्याचे काम करीत. तेथेच साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदूंना जिंकण्यासाठी त्यांची गोलंदाजी हवी होती. संघात त्यांना घेतले, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात येई आणि जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

पुढे बाळू मुंबईस गेले. तेथे ते रेल्वेच्या नोकरीत होते आणि रेल्वेच्या संघातूनही खेळत, ही गोष्ट आपल्या या रेल्वेच्या गावाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९०६ साली मुंबईत हिंदूंच्या संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात बाळूंचे ८ बळी होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेस गेला, तेव्हा बाळूंनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. इतके होऊनही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधी रीतसर मिळाले नाही.

आता कथेची खरी उत्कंठा येथे सुरू होते. हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन यांचे चौरंगी सामने म्हणजे त्या काळचा सर्वांत मोठा क्रीडोत्सव. १९२० साली कर्णधार पै आजारी पडले. त्यांच्या जागी पालवणकर बंधूंना डावलून दि. ब. देवधरांची नेमणूक झाली. विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. अखेर बाळूंना उपकर्णधार करून बंधूंना परत आणावे लागले. पुढे तीनच वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी तो चषक जिंकला.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मैदानावर मिळालेला मान समाजात आपोआप उतरत नाही. पुणे करारावर बाळूंची सही आहे. राजकारणात त्यांनी काँग्रेसची बाजू घेतली आणि १९३७ सालच्या निवडणुकीत ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. एक विजय पुरेसा आहे की मूळ व्यवस्थाच बदलली पाहिजे, हा त्यामागचा वाद होता. आंबेडकरांवर निष्ठा असणाऱ्या आपल्या गावात या वादाची उकल मी करण्याची गरज नाही; परंतु तो वाद एका चेंडूपासून आणि एका मातीच्या भांड्यापासून कसा सुरू होतो, हे तरुणांनी जरूर पाहावे.

क्रिकेटवरून आता तांबड्या मातीकडे वळू. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) खेळाची कादंबरी म्हणून कोणी वाचीत नाही. पण तिच्या मध्यावर एक तालीम उभी आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, त्याच्या खटपटीने वाडी तालीम बांधते आणि उद्घाटनाला खुद्द राजेसाहेब येतात. पुढे दुष्काळ पडतो आणि वाडीच ओस होते. तालमीत घुमण्यासाठी आधी गावात माणसे राहावी लागतात, ही गोष्ट परभणी जिल्ह्यातल्या वाचकाला समजावून सांगावी लागणार नाही.

तिसरी कथा खाशाबा जाधवांची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनला सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीला त्याने कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, ४४ वर्षे, थांबावे लागले! खाशाबांची चरित्रे उपलब्ध आहेत; ती शाळकरी मुलांच्या हाती द्यावीत.

पूर्वी आपल्या मीटर गेजच्या गाडीने मुंबईस निघालेल्या प्रवाशाला मनमाडला उतरून रुंद रुळाच्या गाडीत बसावे लागे. सामन्याकडून पुस्तकाकडे जाणे तसेच आहे. दिशा तीच, रूळ मात्र रुंद.

म्हणून माझी सूचना साधी आहे. सामने जरूर पाहावेत. मध्यंतरात यांपैकी एका पुस्तकाची चार पाने वाचावीत. ‘माझे क्रीडा-जीवन’ आता सहज मिळत नाही. तेव्हा वाचनालयाच्या चालकांनी त्याची प्रत शोधून आणावी, आणि पुढचा चषक सुरू होण्यापूर्वी ती दर्शनी फळीवर ठेवावी.