रक्ताचे बियाणे आणि गारठा

कुरुंद्याच्या चैत्री उन्हात बर्फ म्हटला की उसाच्या रसाची गाडी डोळ्यांपुढे येते. मी सांगणार आहे तो गारठा शून्याखाली १९६ अंशांचा, द्रव नायट्रोजनचा. त्यात माणसाच्या रक्ताचे बियाणे वर्षानुवर्षे जिवंत राहते.

बियाणे हा शब्द मी जाणून योजला. हाडांतल्या मज्जेत थोड्या मूळपेशी असतात. रक्तातल्या तांबड्या-पांढऱ्या पेशींची सारी पैदास त्यांच्यापासून होते. कर्करोगावर जालीम औषध मोठ्या मात्रेने दिले म्हणजे रोगाबरोबर हे बियाणेही जळते. ते आधी काढून ठेवावे आणि मागाहून पेरावे, ही कल्पना सोपी; पण ठेवावयाचे कसे? गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होतात नि पेशी फाटते.

वाट सापडली ती कोंबड्याच्या वीर्यावर प्रयोग करताना! लंडनमध्ये पोल्ज, ऑड्री स्मिथ व पार्क्स हे साखरेचे द्रावण वापरीत होते. एका खेपेस बीज गोठूनही जगले. तपास केला तो चिठ्ठ्यांचा घोटाळा निघाला. बाटलीत ग्लिसरीन होते. हे १९४९ साली प्रसिद्ध झाले. १९५५ मध्ये बार्न्स व लूटिट यांनी उंदरांच्या रक्त घडविणाऱ्या पेशींवर तीच युक्ती चालविली. १९५९ मध्ये लव्हलॉक व बिशप यांनी डायमिथिल सल्फॉक्साइड पुढे आणले. आजही बहुधा तेच घालून, मिनिटाला एखाद-दोन अंश अशा संथ गतीने पेशी थंड करतात, म्हणजे पाणी पेशीबाहेर येऊन गोठते.

आपल्या देशातले पहिले यशस्वी मज्जारोपण २० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. एका लहान मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भोवती गिरणगाव, १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप तेव्हा मिटलेला नव्हता. आम्हा चळवळीतल्या माणसांना परळचे ते साल संपामुळे आठवते. ह्या मुलीची वार्ता आमच्यापैकी किती जणांच्या कानी गेली असेल?

दाता जवळ असला म्हणजे गोठविण्यावाचून निभते. दूर असला तर? १९८८ साली अमेरिकेत जन्मलेल्या एका मुलीच्या नाळेतील रक्त ब्रॉक्समायर यांनी इंडियानात गोठविले. ते पॅरिसला नेऊन, एलियान ग्लुकमन यांनी तिच्या आजारी भावाला दिले आणि तो वाचला. नाळ पुरून टाकणाऱ्या जगाला तिची किंमत तेव्हा कळली.

किंमत कळली तशी दुकानेही निघाली. बाळंतिणीच्या खाटेशी येऊन, बाळाचे नाळरक्त त्याच्यासाठीच जपून ठेवा म्हणून पैसे मागतात. अशा बापाने एक गोष्ट विचारात घ्यावी: थॅलेसेमियासारखा जन्मजात दोष असेल तर तोच दोष त्या रक्तातही असतो. स्वतःच्या भावी उपयोगासाठी असा साठा करण्यास शास्त्रीय आधार नाही, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. घरातच आजारी भावंड असेल तर गोष्ट निराळी. सर्वांसाठी खुली असलेली पेढीही निराळी. तिथला साठा जुळेल त्याचा.

मज्जेच्या एका कर्करोगात, मायलोमात, रोग्याच्याच पेशी काढून त्याला परत देतात. त्यासाठीचे मेल्फलान हे औषध शरीरातून लवकर निघून जाते. म्हणून आपल्याकडील काही डॉक्टर पेशी गोठवीतच नाहीत. चार अंशांवर साध्या रक्तपेढीच्या शीतकपाटात दोन-तीन दिवस ठेवतात आणि परत सोडतात. खर्च पुष्कळ वाचतो. मात्र जिथे औषधे पाच-सहा दिवस चालतात, तिथे हे कपाट अपुरे पडते आणि नायट्रोजनची टाकी लागतेच.