बिनहत्तीचं बेट

आमच्या शेजारच्या गृहस्थांनी गेल्या वर्षी भूमध्य समुद्र पाहिला आणि त्याचे परिणाम आम्ही अजून भोगतो आहोत. आसनगावात राहून माणसानं फार तर माहुलीचा किल्ला पाहावा, तानसाच्या धरणावर डबा न्यावा, अगदीच हौस आली तर टिटवाळ्याच्या गणपतीला जाऊन यावं. हे गृहस्थ निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले आणि थेट माल्टा नावाच्या देशात जाऊन धडकले. परत आल्यावर त्यांनी आम्हाला उभयतांना चहाला बोलावलं आणि टीव्हीवर साडेचारशे फोटो दाखवले. चहा एकदाच दिला.

"ही बोट. सकाळी निघायचं, संध्याकाळी परत. हे कोमिनो बेट. आणि हे बघा, हे निळं निळं दिसतंय ना, ते लगून!"

"लगून म्हणजे काय हो?" आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं.

"लगून म्हणजे..." गृहस्थ जरा थांबले. "लगूनच!"

"आपल्याकडे त्याला खाजण म्हणतात," मी म्हणालो.

ते त्यांना आवडलं नाही. खाजण म्हटलं की गुडघाभर चिखल आणि निवट्या डोळ्यांसमोर येतात, आणि चिखल बघायला कोणी विमानाचं तिकीट काढत नाही. पण घरी येताना जिन्यात सौ. म्हणाली, "अहो, आपण कुठल्या बेटावर गेलोय का कधी?"

लग्नाला एकवीस वर्षं झाली की बायकोच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसतं, तारीख द्यायची असते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मनातल्या मनात ताळेबंद मांडला. समुद्र आपल्याकडे आहे, बोट आहे, बेट आहे, एका दिवसात परत येता येतं. माल्ट्याला जे आहे ते सगळं जमेच्या बाजूला. शिवाय पासपोर्ट लागत नाही. मी म्हणालो, "येत्या सुट्टीला घारापुरी!"

येती सुट्टी सोमवारी आली. बँकेला सोमवारची सुट्टी म्हणजे शनिवार-रविवारला लागून आलेलं सोन्याचं पान. पहाटेची लोकल पकडली. मुंबईपासून आमचं गाव पंच्याऐंशी-शहाऐंशी किलोमीटर, म्हणजे दोन तासांची निश्चिंती. वासिंद, खडवली, टिटवाळा करीत कल्याण येईपर्यंत बसायला जागा आणि कल्याणनंतर पाय ठेवायला जागा नाही, हा नेहमीचा हिशेब. नऊ वाजता आम्ही पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि दोन पाण्याच्या बाटल्या घेऊन गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखाली उभे राहिलो. तिथल्या एका फुगेवाल्यानं मला सांगितलं, "साहेब, आज सोमवार. लेणी बंद."

दर सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. ही गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे. ती ठाऊक नसलेला एकमेव माणूस मी, आणि त्याच्याशी लग्न केलेली एकमेव बाई माझ्या शेजारी पिशवी धरून उभी. तिनं काहीही म्हटलं नाही. त्यापेक्षा ती बोलली असती तर बरं झालं असतं.

वेळ भरून काढायला मी तिला त्या कमानीचा इतिहास सांगितला. बादशहा पंचम जॉर्ज १९११ साली इथं उतरले, त्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ ही कमान. पण ती बांधून झाली १९२४ साली! पाहुणा आला तेव्हा नुसतं पुठ्ठ्याचं मॉडेल उभं होतं. आणि १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिटिशांची शेवटची पलटण गेली ती याच कमानीतून. म्हणजे बांधली स्वागताला आणि उपयोगी पडली निरोपाला.

"तेसुद्धा सोमवारीच आले होते का?" सौ. म्हणाली. नंतर आम्ही कमानीच्या सावलीत पुऱ्या खाल्ल्या आणि घरी आलो.

दुसरी स्वारी रविवारी निघाली. या वेळी मी आधी चार जणांना विचारून घेतलं. लाँचमध्ये वरच्या मजल्यावर बसायचे पैसे वेगळे पडतात. ते दिले. माल्ट्याची बरोबरी करायची तर थोडा खर्च सोसावा लागतो. लाँच निघाली आणि पांढरे कुरव पक्षी मागे लागले. लोक त्यांना वेफर्स फेकत होते. ज्या राष्ट्रात खारवलेला वेफर एवढा महाग आहे, तिथं तो पक्ष्यांना घालणारी माणसं पाहून माझ्यातला कारकून कळवळला.

तासाभराचा प्रवास. त्या तासात मी घारापुरीबद्दल जमवलेली माहिती उघडली. तुम्ही म्हणाल, सुट्टीच्या दिवशी इतिहास कशाला? पण इतिहासाचं आणि बँकेचं एक साम्य आहे. दोन्हीकडे मूळ कागद सापडत नाही.

आता हेच बघा. या बेटाला साहेब लोक एलिफंटा म्हणतात. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसईच्या तहात हा सगळा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांना बेटावर धक्क्याजवळ एक मोठा दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला हत्तीचं नाव दिलं. म्हणजे कुणाच्या घरी जावं आणि दारातलं जातं बघून घरमालकाचं नाव जाते ठेवावं, तसं. घारापुरी हे जुनं नाव गावकऱ्यांनी तोंडात धरून ठेवलं म्हणून टिकलं. पुढं १८१४ साली त्या हत्तीचं डोकं आणि मान कोसळली. १८६४ साली उरलेले तुकडे मुंबईला व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत नेले आणि १९१४ साली ते जुळवून पुन्हा हत्ती उभा केला. आजही तो तिथंच आहे.

"म्हणजे हत्ती भायखळ्याला?" सौ. दचकली.

"हो."

"आपल्या गाडीच्या वाटेवर?"

"हो."

"मग आपण समुद्रात कशाला चाललोय?"

याला उत्तर नव्हतं. एलिफंटाचा एलिफंट पाहायचा असेल तर आसनगावकरानं भायखळ्याला उतरावं, लाँचची गरज नाही, ही वस्तुस्थिती आहे.

मूळ कागदाची गोष्ट तर याहून जोरदार. ही लेणी कोणी कोरली हे सांगणारा एक शिलालेख लेण्याजवळ होता म्हणतात. दियोगो द कोतू नावाच्या पोर्तुगीज बखरकारानं लिहून ठेवलं आहे की तो दगड काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला, तिथं कोणालाही तो वाचता आला नाही, आणि पुढं तो गहाळ झाला. बँकेतल्या कुठल्याही माणसाला हे वाक्य वाचून भरून येईल. वरिष्ठ कार्यालयाकडे मूळ प्रत पाठवली, त्यांना समजली नाही, आणि आता सापडत नाही. चारशे वर्षांपूर्वीसुद्धा हेच चाललं होतं!

मग अभ्यासकांनी काय करावं? त्यांनी सुटे पैसे मोजले. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची हलकी नाणी बरीच सापडली. लेणी कोरणाऱ्या मजुरांना त्यातून रोजची मजुरी दिली असावी, असा काहींचा तर्क आहे. त्यावरून मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं धरतात. राजाचा शिलालेख हरवला आणि मजुरांची चिल्लर साक्षीला उभी राहिली. आयुष्यभर चिल्लर मोजलेल्या माणसाला याहून मोठा सन्मान कुठला?

धक्क्यावर उतरल्यावर एक खेळण्यातली आगगाडी उभी होती. दोन तास लोकलमध्ये लोंबकळून आलेला माणूस समुद्र ओलांडून पुन्हा गाडीत बसत नाही. आम्ही चालत गेलो. पुढे शंभरावर पायऱ्या. दोन्ही बाजूंना टोप्या, माळा, दगडी हत्ती (हे मात्र बेटावरच होते) आणि मिरची-मीठ लावलेली कैरी. तिसाव्या पायरीवर एका माकडानं पुऱ्यांची पिशवी नेली. सौ.नं मागच्या सोमवारचा सगळा राग त्या माकडावर काढला, आणि माझं वैवाहिक जीवन पुन्हा सुरळीत झालं. त्या माकडाचा मी ऋणी आहे.

आणि मग लेणं आलं. इथं मात्र विनोद सुचेना.

बाहेरच्या उन्हातून आत शिरलं की आधी काही दिसत नाही. हळूहळू खांब दिसायला लागतात, आणि मग समोरच्या अंधारातून ती वीस फुटांच्या आसपासची मूर्ती वर येते. आपण तिला त्रिमूर्ती म्हणतो आणि ब्रह्मा-विष्णू-महेश मोजून मोकळे होतो. जाणकार म्हणतात की हा सदाशिव, तिन्ही मुखं शिवाचीच. एका बाजूला उग्र अघोर, दुसऱ्या बाजूला कोवळा वामदेव, अगदी बाईच्या चेहऱ्याचा, आणि मधे डोळे मिटलेला तत्पुरुष. माणूस एकच. ऑफिसात एक चेहरा, घरी एक, आणि डोळे मिटल्यावर खरा तिसरा.

पोर्तुगीज शिपायांनी या मूर्तींवर बंदुकीची नेमबाजी केली असं सांगतात. फुटलेले हात-पाय आजही दिसतात. १८७५ साली इंग्लंडचे युवराज आले तेव्हा याच लेण्यात त्यांना मेजवानी दिली. शंकरासमोर सुऱ्या-काट्यांचा खणखणाट! आणि १९८७ साली युनेस्कोनं याला जागतिक वारसा म्हटलं. गोळ्या, मेजवानी आणि मानपत्र, तिन्ही वेळा मधला चेहरा डोळे मिटूनच होता.

सदाशिवाच्या डाव्या हाताला, म्हणजे बघणाऱ्याच्या उजवीकडे, गंगाधर आहे. आकाशातून गंगा उतरतेय आणि शंकर ती मस्तकावर झेलतोय. शेजारी पार्वती, जरा नाराज. सौ. त्या शिल्पापुढं बराच वेळ उभी राहिली.

खाली उतरताना आम्ही एका मावशींकडे ताक घेतलं. त्या बेटावरच्याच, मोराबंदरच्या. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावं आहेत.

"कुठून आलात?"

"आसनगाव. शहापूरकडचं."

"लांबून आलात की!" मावशी म्हणाल्या. मग बोलता बोलता समोर बोट केलं. "ती मुंबय. रात्री नुसती झगमग. आमची पोरं तिकडं बघत मोठी झाली. आमच्याकडं संध्याकाळी जनरेटर चालायचा, मग काळोख. लाइट आली आता आता."

आता आता म्हणजे २०१८ साली. साडेसात किलोमीटर लांबीची तार समुद्राखालून टाकली तेव्हा घारापुरीला कायमची वीज आली. बोटीनं तासाच्या अंतरावर देशातलं सगळ्यांत श्रीमंत शहर, बेट जागतिक वारसा होऊन एकतीस वर्षं झालेली, जगभरचे पाहुणे रोज येऊन अंधारातला देव बघून जाताहेत, आणि पाहुणे गेले की देवही अंधारात, भक्तही अंधारात.

"काय बाई हे!" सौ. म्हणाली. आणि मग एकदम म्हणाली, "आमचंही तसंच की, मावशी."

तिचं माहेर शहापूर तालुक्यातलंच, आतलं. मुंबईला पाणी पाजणारा हा तालुका. तानसाचं धरण १८९२ सालचं. त्याच्यामागून मोडकसागर, १९५७ चा. मग भातसा, ज्याच्यातून मुंबईच्या पाण्याचा जवळजवळ निम्मा वाटा जातो. हत्ती आत शिरेल एवढाल्या नळांतून ते पाणी आमच्या शिवारातून सरळ मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. माझ्या सासूबाईंनी हंडा डोक्यावर घेऊन मैलभर पाणी आणलं, ते त्या नळाच्या कडेकडेनं. आत पाणी वाहायचं त्याचा आवाज यायचा म्हणे. सौ.नं हे मला एकवीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. घारापुरीच्या पायरीवर ताकवाल्या मावशींना सांगितलं.

मावशींनी दुसऱ्या ग्लासाचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केला. बँकेतल्या माणसाला फुकट ताक पचत नाही. त्या म्हणाल्या, "राहू द्या. तुम्ही पाणी देता, आम्ही ताक देतो. मुंबयवाल्यांकडनं घेईन."

परतीच्या लाँचमध्ये आम्ही खालीच बसलो. दिवेलागण व्हायला आली होती. मुंबई एकेक दिवा लावत होती. मागे वळून पाहिलं, तर बेटाच्या काळ्या पडलेल्या डोंगराच्या पायथ्याशीही चार-पाच ठिपके लागलेले दिसले. सौ.नं ते बोटानं मोजले. मुंबईचे मोजले नाहीत.

रात्री साडेदहाला घरी पोचलो. जिन्यात शेजारचे गृहस्थ भेटले.

"काय, कुठं दौरा?"

"बेटावर. बोटीनं. सकाळी निघालो, संध्याकाळी परत," सौ. म्हणाली.

"अरे वा! लगून पाहिलं की नाही?"

"ते इथंच आहे," सौ. म्हणाली. "भातसाला. निळं निळं. फक्त आपल्याला त्यातलं प्यायला मिळत नाही."

घरात शिरून मी पाय धुवायला नळ सोडला. नळानं एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि गप्प झाला. मी सौ.कडे पाहिलं. तिनं शांतपणे पिंपावरचं झाकण उचललं. निघण्यापूर्वी पहाटे चार वाजता उठून तिनं ते भरून ठेवलं होतं.

मी तांब्या डोक्यावर ओतून घेतला. गंगाधराची आठवण झाली. शेजारी पार्वती उभी होती, पण या वेळी नाराज नव्हती.