मातीचें एक पदक

अलंकार नुसता शोभेचा नसतो, त्यास कांहीं अर्थ असतो, हें मंगळसूत्राच्या देशांत कोणास सांगावयास नको. परंतु इ. स. १७८७ मध्यें इंग्लंडांत असा एक अलंकार निघाला, कीं जो नुसत्या मातीचा होता, आणि तो धारण करणारी व्यक्ति एका सार्वजनिक प्रश्नावर आपलें मत सांगत असे.

त्या वर्षीं लंडन येथें गुलामांचा व्यापार बंद करविण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. जोसाया वेजवुड हा सुप्रसिद्ध कुंभार तींत लवकरच सामील झाला. मंडळीच्या मुद्रेवरून त्याचा कारागीर विल्यम हॅकवुड यानें साचा घडविला. पांढऱ्या पट्टिकेवर काळ्या रंगांत गुडघा टेकलेला, साखळदंडांनीं जखडलेले हात जोडून वर पाहणारा आफ्रिकी पुरुष. आणि भोंवतीं, मी मनुष्य व तुमचा बंधु नव्हे काय, अशा अर्थाचा प्रश्न.

ही माती साधी नव्हे. 'जॅस्पर' नांवाचें हें मिश्रण हजारों प्रयोगांनंतर इ. स. १७७५ च्या सुमारास वेजवुडच्या हातीं आलें. बेरियम सल्फेट पुष्कळ असल्यामुळें तें भाजल्यावर दगडासारखें घट्ट होतें, झिलईवांचूनही गुळगुळीत दिसतें, आणि त्यास आंतपर्यंत रंग देतां येतो. साच्यांतून काढलेली बारीक आकृति ओली असतांनाच पट्टिकेवर बसवून दोन्ही एकदम भाजीत. रोमन लोकांच्या कोरीव रत्नांचें हें स्वस्त प्रतिरूपच म्हणावयाचें. मातीच्या बाबतींत हा गृहस्थ मोठा चोखंदळ. पांढऱ्या मातीसाठीं त्यानें १७६७ त एक मनुष्य थेट अमेरिकेंत, चेरोकी लोकांच्या मुलुखांत धाडला होता!

टॉमस क्लार्कसन यानें आपल्या १८०८ च्या इतिहासांत या पदकांची हकीकत दिली आहे. कोणी तीं सोन्यांत मढवून तपकिरीच्या डबीवर बसविलीं, स्त्रियांनीं कंकणांत घातलीं, केसांच्या कांट्यांवर लाविलीं. वेजवुड तीं फुकट वांटीत असे. १७८८ त त्यानें कांहीं फिलाडेल्फियास पाठविलीं, तेव्हां बेंजामिन फ्रँकलिन यानें उत्तम पुस्तिकेइतका त्यांचा परिणाम होईल, असा अभिप्राय कळविला.

नटण्याची हौस सत्कार्यास जुंपिली म्हणून आम्ही हंसणार नाहीं. हीं कंकणें ज्या चहाच्या मेजावर चमकत, तेथील साखर गुलामांच्याच श्रमाची असे. आणि १७९१ पासून पुष्कळ कुटुंबांनीं ती वर्ज्यही केली. आम्हांस खटकतो तो गुडघा. चित्रांतला मनुष्य याचक आहे, आणि उत्तर देण्याचा अधिकार पदक घालणाराकडे आहे. त्याच १७९१ च्या ऑगस्टांत सेंट डोमिंग या फ्रेंच वसाहतींतील गुलाम स्वतःच उठले, आणि १८०४ सालीं हैतीचें स्वतंत्र राष्ट्र झालें; त्यांनीं कोणास प्रश्न विचारला नाहीं. इंग्लंडनें १८०७ त व्यापार बंद केला. गुलामगिरी बंद करणारा कायदा मात्र १८३३ चा. त्यांत दोन कोटि पौंडांची भरपाई मालकांस मिळाली, गुलामांस एक पैही नाहीं.

वेजवुड १७९५ त वारला. त्याच्या कारखान्यांत १७८९ सालीं आणखी एक पदक झालें. ऑस्ट्रेलियांतील सिडनी कोव्ह येथील नव्या वसाहतीची माती गव्हर्नर फिलिप यानें पाठविली होती. तिच्यावर आशादेवी, शांति, कला व श्रम यांच्या आकृति उठविल्या, साचा हॅकवुडचाच. त्या वसाहतींत प्रत्यक्ष श्रम करणारे बहुतेक लोक हद्दपार केलेले कैदी होते. पदकावर बेडी कोठेंच दिसत नाहीं.